आडनावानं जिंकलेली निवडणूक

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी हिस्पॅनिक झालो. त्याआधी मी कुशनवाला होतो.

सिएटलपासून डोंगरापलीकडे, टॅल्बर्ट गावात रेल्वेलाइनीच्या पूर्वेला माझं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या सीटा, ट्रकच्या सीटा, बोटीतल्या गाद्या, जुने सोफे, चर्चमधले गुडघे टेकायचे पाट, काहीही फाटलं की लोक माझ्याकडे आणतात. गाव मला एली म्हणतं. खरं नाव एलिसेओ बासाल्दुआ, पण ते पूर्ण ऐकू यायचं ते फक्त आई रागावली की. आजोबा टेक्सासातून सफरचंदं तोडायला या खोऱ्यात आले आणि इथेच राहिले. आईचा जन्म पॅकिंग शेडमध्ये उभं राहून सफरचंदं निवडण्यात गेला. मी इथेच शिकलो, इथेच टेक्सासवाल्याच्याच एका मुलीशी, नोएलियाशी, लग्न केलं. गोऱ्यांच्या लेखी आम्ही मेक्सिकन. मागाहून मिचोआकानहून थेट आलेल्या मेक्सिकनांच्या लेखी आम्ही टेक्सासवाले, म्हणजे बिघडलेला माल. माझी स्पॅनिश ऐकून ती माणसं आधी हसत, मग दया येऊन माझ्याशी इंग्रजीत बोलत. त्यांची इंग्रजी माझ्या स्पॅनिशपेक्षा बरी होती, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

मग कोर्टाचा निकाल लागला. गावात निम्म्याहून जास्त माणसं आपली आणि नगरपालिकेत आपला एकही माणूस नाही, हे कोर्टाला पटेना. त्यानं गावाचे वॉर्ड पाडायला लावले. लाइनीच्या पूर्वेकडचा पहिला वॉर्ड आमचा झाला. जागा मिळाली, पण उभा राहायला माणूस मिळेना. शहाणी माणसं आपापल्या कामात होती.

त्या आठवड्यात माझा कोम्पाद्रे अबुंदिओ ताफोया दुकानात येऊन बसला. माझ्या मुलीचा, दालियाचा, बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्मपिता म्हणून तिला त्यानं हातात धरलं होतं, म्हणजे आमच्यात तो भावापेक्षा जवळचा. त्याचं मेन स्ट्रीटवर 'ला पेर्ला' नावाचं हॉटेल आहे. माणूस मूळचा मिचोआकानचा, पण इतका जुना की त्याला कुणी नवा म्हणत नाही.

"तू उभा राहा," तो म्हणाला.

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"तिथे बसलेल्यांना तरी काय कळतं? तू निदान खुर्च्या तरी दुरुस्त करशील."

"तुम्हीच का राहत नाही, कोम्पाद्रे? तुम्हाला सगळं गाव ओळखतं."

"म्हणून तर! माझं हॉटेल आहे. गोरेही जेवतात, आपलेही जेवतात. राजकारणात पडून कुणाकुणाचं जेवण तोडू? तुझ्या सोफ्यांना कुठे मत असतं!"

याला म्हणतात हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. मी चढलो. खरं सांगायचं तर चढताना बरं वाटलं.

माझ्याविरुद्ध गॉर्डन पेक उभा राहिला. विमा एजंट, पिंगट केसांचा, कुणालाही नाही न म्हणणारा माणूस. तो आमच्याच वॉर्डात राहतो, कारण त्याच्या बायकोला माहेरचं घर सोडायचं नव्हतं. तरुणपणी गॉर्डन आपल्या पंथाचा प्रचार करायला दोन वर्षं चिलीमध्ये होता. त्यामुळे त्याची स्पॅनिश अशी की रेडिओवरच्या बातम्या ऐकल्यासारखं वाटावं.

चर्चच्या हॉलमध्ये आम्हा दोघांची सभा झाली. प्रश्न स्पॅनिशमध्ये. पहिला प्रश्न एका आजीबाईंनी विचारला, पाण्याच्या बिलाबद्दल. गॉर्डन उठला आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलावं तसं, सगळी अदब सांभाळून, पाइपलाइनीपासून दरापर्यंत समजावून सांगितलं. आजीबाई विरघळल्या. मग मी उठलो. "बाई, पाणी महाग आहे," मी म्हणालो. पुढचे शब्द आठवेनात, म्हणून पुन्हा म्हणालो, "फारच महाग आहे." आणि बसलो. पहिल्या रांगेत माझी आई होती. तिनं डोळे मिटून घेतले. प्रार्थना करत होती की लाज वाटत होती, ते मी विचारलं नाही.

घरी जाताना गाडीत ती म्हणाली, "तो पेक काय सुंदर बोलतो! मी त्यालाच मत दिलं असतं."

"मग दे की."

"त्याचं आडनाव पेक आहे ना."

वॉर्डातल्या बहुतेकांनी असाच विचार केला असावा, कारण मी निवडून आलो. निकालाच्या दिवशी नोएलियानं केक आणला. मी थोडा फुगलो होतो. आईनं मला खाली बसवलं.

"लेका, तू नाही जिंकलास. तुझ्या आजोबांचं आडनाव जिंकलं. तू आपला त्या आडनावाला उचलून नगरपालिकेत नेऊन ठेव आणि तोंड बंद ठेव."

सल्ला चांगला होता. पण ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: 'टॅल्बर्टला पहिला हिस्पॅनिक नगरसेवक.' आम्हा स्पॅनिशवाल्यांना सरकारी भाषेत तेच म्हणतात. खाली माझा फोटो, मागे एक अर्धवट शिवलेला सोफा. माझं नाव बातमीत दोनदा आलं होतं, दोन वेगवेगळ्या प्रकारे, दोन्ही चूक.

तिथून माझ्या दुकानात फाटक्या गाद्यांपेक्षा माणसं जास्त यायला लागली. एका बाईंना बहिणीसाठी व्हिसा हवा होता. मी म्हटलं, बाई, माझ्या अखत्यारीत कुत्र्यांचे परवाने येतात. त्या म्हणाल्या, "मग आपला माणूस निवडून देऊन उपयोग काय?" शाळेतल्या मास्तरीणबाईंना मे महिन्यातल्या मेक्सिकन सणाला मी मोठी टोपी घालून मुलांपुढे यायला हवं होतं. मी गेलो. टोपी चीनमध्ये बनलेली होती आणि मला लहान होत होती. एका मुलानं विचारलं, "तुम्ही मेक्सिकोत कुठले?" मी म्हणालो, "तिसऱ्या गल्लीतला."

सिएटलहून हिमेना नावाची एक तरुण मुलगी आली. गाढव निशाणीवाल्या पक्षाचं काम करायची. अतिशय हुशार, कॉलेजात शिकलेली शुद्ध स्पॅनिश. "डॉन एलिसेओ, तुम्ही समाजाचा आवाज आहात," ती म्हणाली. मी तिचे आभार मानले, तर माझा उच्चार ऐकून तिनं हळूच विषय इंग्रजीत नेला. पुढच्या महिन्यात हत्ती निशाणीवाल्या पक्षाच्या एका जिल्हा पुढाऱ्यानं मला जेवायला बोलावलं. चिकन होतं, वातड. तो म्हणाला, "धंदा, कुटुंब, चर्च. एली, तुम्ही लोक मनानं आमचेच आहात, फक्त तुम्हाला ते ठाऊक नाही." दोन्ही पक्षांना माझ्या मनातलं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. नगरपालिकेची निवडणूक पक्षांवर होत नाही, हे मी दोघांनाही सांगितलं. दोघंही समजूतदारपणे हसले.

आणि मीटिंगा! आमच्या नगराध्यक्षा व्हर्ना लिंडक्विस्ट. मनाची फार चांगली बाई. तिच्या बोटीच्या गाद्या मीच शिवतो. पण मी निवडून आल्यापासून तिला एक सवय लागली. कुठलाही विषय निघाला की ती माझ्याकडे मान वळवायची. एकदा सांडपाण्याच्या पंपाची चर्चा चालू होती.

"आणि एली, यावर हिस्पॅनिक समाजाला काय वाटतं?"

"वास येतो असं वाटतं," मी म्हणालो.

तिनं ते गंभीरपणे लिहून घेतलं.

खोटं कशाला बोलू, हळूहळू मला ते आवडायला लागलं. कुशनवाल्याला आयुष्यात कुणी मत विचारत नाही. रंग कुठला हवा तेसुद्धा गिऱ्हाईकच सांगतं. इथे सहा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मीटिंगला जाताना इस्त्रीचा शर्ट घालायला लागलो. घसा खाकरून 'आमच्या समाजाचं म्हणणं असं आहे की' असं सुरू करायला लागलो. समाजाला मी काही विचारलेलं नसायचं. नोएलिया म्हणायची, "परवा समाजाला रस्त्यावरच्या झाडांबद्दल काय वाटतं ते तू सांगितलंस म्हणे. समाजाला कळलं का ते?"

असं वर्षभर बरं चाललं. मग गाड्यांचा ठराव आला.

चायो एकिउआ नावाची एक बाई पशुखाद्याच्या दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत टाकोची गाडी लावते. विधवा, चाळिशीची, हात चाकूसारखे आणि जीभ त्याहून धारदार. तिचं पाहून आणखी दोन गाड्या आल्या. मेन स्ट्रीटवरच्या हॉटेलवाल्यांचं गिऱ्हाईक तुटायला लागलं. त्यांनी अर्ज दिला: गाड्या हॉटेलांपासून लांब, लाइनीपलीकडे न्या आणि संध्याकाळी आठला बंद करा. अर्जावर पहिली सही माझ्या कोम्पाद्रेची.

तो दुकानात आला, टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मी भाडं भरतो, कर भरतो, संडास बांधून दिलाय, सगळे नियम पाळतो. ती बाई चार चाकांवर येते आणि माझं गिऱ्हाईक घेऊन जाते. मी काही जास्त मागत नाही. तू फक्त आपल्या माणसांच्या बाजूनं मत दे."

"ठीक आहे, कोम्पाद्रे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्याच दिवशी दुपारी मी चायोच्या गाडीवर गेलो. ती खिडकीतून खाली वाकली.

"या नगरसेवकसाहेब! वाट चुकलात? तुमची वाट तर मेन स्ट्रीटवरून जाते."

"चायोबाई, मी दोन्ही बाजू ऐकतोय."

"दोन्ही बाजू? बाजू एकच असते. भाजलेली. दुसरी कच्चीच राहते. निवडणुकीत तुम्ही आमचे होतात. आता बघू, मीटिंगच्या दिवशीही आहात का? माझं काही जास्त मागणं नाही. आपल्या माणसांच्या बाजूनं मत द्या, एवढंच."

शब्द तेच. ती मिचोआकानची, तो मिचोआकानचा. मधोमध टेक्सासचा बिघडलेला माल.

हिमेनाचा सिएटलहून फोन आला. "पोटापाण्यासाठी आलेल्या बायकांवरचा हा हल्ला आहे. तुमच्याकडून मोठी अपेक्षा आहे." हत्तीवाल्या पुढाऱ्याचाही आला. "कर भरणाऱ्या प्रामाणिक हिस्पॅनिक धंदेवाल्यांच्या पाठीशी तुम्ही उभे राहालच." पेपरवाल्यानं छापलं: 'हिस्पॅनिक नगरसेवक कुणाच्या बाजूने?' बाकीच्या सहांबद्दल असा प्रश्न कुणी छापला नाही.

मीटिंगच्या आदल्या दिवशी व्हर्ना दुकानात आली. बरोबर सातव्या वॉर्डाचे ड्वाइट हॅस्केल. ते घोड्यांचे डॉक्टर आहेत.

"एली, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय," व्हर्ना प्रेमानं म्हणाली. "हा तुमच्या समाजातला प्रश्न आहे. त्यात आम्ही ढवळाढवळ करणं बरं दिसत नाही. पहिल्या वॉर्डाचं मत पहिलं पुकारतात. तुम्ही जे म्हणाल ते आम्ही सगळे म्हणू."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" मी विचारलं.

"आम्हाला? आम्हाला तुमचं म्हणणं ऐकायचंय."

दोघं गेल्यावर मी बराच वेळ हातात सुई धरून बसलो. वर्षभर मला वाटत होतं की ही माणसं माझ्या शब्दाला किंमत देतात. ती भली माणसं होतीच. पण उद्या कुणीतरी उपाशी राहणार, कुणीतरी रागावणार, आणि तो राग अंगावर घ्यायला त्यांना एक आडनाव सापडलं होतं. आणि मी मूर्ख, शर्टाला इस्त्री करत होतो.

रात्री जेवताना मी आईला विचारलं, तू काय केलं असतंस?

ती भाकरीसारखी जाड तोर्तिया मोडत म्हणाली, "मला राजकारण कळत नाही. शेडची दुसरी पाळी सुटायची तेव्हा दहा वाजून गेलेले असायचे. सगळं गाव बंद. आम्ही पार्किंगमध्ये उभ्या राहून थंड राजमा खायचो. बोटं इतकी आखडलेली असायची की चमचा धरता यायचा नाही."

"कोम्पाद्रेचं हॉटेल तेव्हा नव्हतं."

"आता आहे. किती वाजता बंद करतो?"

"नऊला."

तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला.

मी ठरवलं, उद्या बोलायचं ते स्पॅनिशमध्ये. सगळे ऐकायला येणार, तर त्यांच्याच भाषेत सांगू. भाषण लिहिलं, आरशासमोर म्हणून पाहिलं. नोएलियाला ऐकवलं नाही, कारण ती चुका काढते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच.

सभागृह खच्चून भरलं होतं. डावीकडे हॉटेलवाले, धुतलेल्या टोप्या घालून. उजवीकडे गाडीवाले आणि पॅकिंग शेडच्या बायका. मधल्या वाटेत गॉर्डन पेक एकटाच उभा, कारण दोन्हीकडच्या लोकांचा विमा त्याच्याकडे. माझ्या सहा सहकाऱ्यांनी कानाला यंत्रं लावली होती. कोपऱ्यात बसलेली दुभाषी बाई माझं बोलणं इंग्रजी करून त्यांच्या कानात घालणार होती.

दोन्हीकडचे लोक तासभर बोलले, मग मी उभा राहिलो. मला म्हणायचं होतं की मी माझ्या माणसांच्या पाठीशी आहे. पाठीशी असणं याला स्पॅनिशमध्ये जो शब्द आहे, तो मला आठवला नाही. म्हणून इंग्रजीतल्या 'सपोर्ट'लाच स्पॅनिश शेपूट लावून मी 'सोपोर्तार' हा शब्द भाषणभर वापरला होता. असा शब्द स्पॅनिशमध्ये आहे. फक्त त्याचा अर्थ होतो सहन करणं.

तेव्हा गावानं माझ्या तोंडून जे ऐकलं ते असं:

"बंधूंनो आणि भगिनींनो, मी जन्मभर माझ्या समाजाला सहन केलं आहे. डॉन अबुंदिओंना मी माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्यापासून सहन करतो. चायोबाईंनाही मी तेवढंच सहन करतो. माझी आई इथे बसली आहे, तिनंच मला लहानपणापासून सहन करायला शिकवलं. तुम्ही मला निवडून दिलंत. मी शब्द देतो, यापुढेही मी तुम्हा सगळ्यांना अगदी मनापासून सहन करीन!"

मग शेडच्या बायकांतून एक हसू फुटलं आणि सगळं सभागृह कोसळलं. कोम्पाद्रे टोपीत तोंड घालून हसत होता. चायो शेजारणीच्या खांद्यावर थापा मारत होती. मला वाटलं, भाषण रंगलं! मी शेवटचं वाक्य आणखी जोरात पुन्हा म्हटलं. गॉर्डन पुढे येऊन माझ्या कानाशी लागला आणि त्याच्या त्या सुंदर स्पॅनिशमध्ये हळूच म्हणाला, "एलिसेओ, तुला 'आपोयार' म्हणायचं होतं." त्यानं अर्थ सांगितला तेव्हा माझे कान तापले. दुभाषी बाईनं सगळं इमानानं भाषांतर केलं होतं. व्हर्ना टाळ्या वाजवत होती. "किती प्रामाणिक!" ती म्हणाली.

माणूस एकदा पुरता तोंडघशी पडला की मोकळा होतो. आता आणखी काय जाणार होतं? मी माइक ओढला आणि इंग्रजीत म्हणालो, "नगराध्यक्षा, आज मतं सातव्या वॉर्डापासून पुकारा."

"पण एली, हिस्पॅनिक समाजाचं म्हणणं..."

"समाज समोर बसलाय. अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे. दोघांचं म्हणणं तुम्ही आत्ता तासभर ऐकलंत. आज आधी लिंडक्विस्टबाईंच्या स्वीडिश समाजाला काय वाटतं ते ऐकू या. मग घोड्यांच्या डॉक्टरांच्या समाजाला काय वाटतं ते."

पुन्हा हशा झाला, पण व्हर्ना हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला. तिनं कागद खालीवर केले आणि मग ड्वाइटना पुकारलं. ड्वाइटनी यंत्र कानातून काढलं आणि ठरावाच्या बाजूनं मत दिलं. मेन स्ट्रीट मेली तर गाव मेलं, असं त्यांचं म्हणणं. वाईट नव्हतं. पुढच्या बाईंनी विरोधात दिलं. एकेक माणूस आपलं डोकं वापरून बोलत होता. मी खुर्चीत मागे रेललो. वाटलं, काय सफाईनं मान सोडवली मी!

व्हर्नाचं मत सहावं होतं. तिनं माझ्याकडे न बघता ठरावाच्या बाजूनं हात वर केला. कारकून म्हणाला, "तीन विरुद्ध तीन. पहिला वॉर्ड?"

इतका वेळ मी आकडे मोजलेच नव्हते. पहिलं मत देऊन सहा जणांत लपता आलं असतं. हुशारी करून मी शेवटचा झालो होतो, आणि आता सगळं माझ्यावरच.

कोम्पाद्रे माझ्याकडे बघत होता, हसू अजून गालांवर होतं. चायो हाताची घडी घालून उभी. मी आईकडे पाहिलं. ती आपल्या बोटांकडे बघत होती.

"ठराव आठला गाड्या बंद करायला सांगतो," मी म्हणालो. "शेडची पाळी दहानंतर सुटते. हॉटेलं नऊला बंद होतात. मग त्या बायकांनी खायचं कुठे? माझं मत विरोधात."

ठराव पडला. उजवीकडे आरोळी उठली. डावीकडे कोम्पाद्रे उठला, टोपी नीट डोक्यावर बसवली आणि माझ्या खुर्चीपाशी आला.

"मी तुला उभा केला," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"माहीत आहे, कोम्पाद्रे."

"तुझ्या पोरीला मी हातात धरली."

"माहीत आहे."

तो गेला. वर्ष उलटून गेलं तरी माझ्याशी बोलला नाही. रस्त्यात समोर आला की दुकानांच्या पाट्या वाचत जायचा. हिमेनानं माझा फोटो छापून खाली लिहिलं की मी शोषितांचा आवाज आहे. हत्तीवाल्यांनी जेवायला बोलवणं सोडलं, तेवढा एक फायदा. गावात मात्र लोक मला भेटले की विचारायचे, "काय नगरसेवक, करताय ना सहन?" मी म्हणायचो, "चाललंय."

व्हर्नानं दोन मीटिंगा माझ्याकडे पाहिलंच नाही. तिसऱ्या मीटिंगनंतर जिन्यात थांबवून म्हणाली, "तू मला सगळ्यांदेखत बोललास, ते मला आवडलं नाही. पण मी घरी जाऊन विचार केला. मला खरंच माहीत नव्हतं मला काय वाटतं." मग म्हणाली, "बोटीच्या गाद्यांना ओल आलीय. आणू का?" मी म्हटलं, आण.

पुढची निवडणूक आली. गॉर्डन पुन्हा उभा राहिला. या खेपेला मी निर्धास्त होतो. आडनाव तेच होतं, शिवाय एक काम केलेलं होतं. मग एक दिवस चायोच्या गाडीवर गॉर्डनची पाटी दिसली. मोठी, दोरीनं घट्ट बांधलेली.

मी खिडकीपाशी गेलो. "चायोबाई, हे काय?"

तिनं तीन टाको बांधून माझ्यापुढे ठेवले. "याचे पैसे नाही घ्यायची. तुम्ही माझी गाडी वाचवलीत, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"आणि पाटी?"

"डॉन एलिसेओ, तुम्ही भले आहात. पण परवाना संपत आला म्हणून मी तुम्हाला पाच वेळा फोन केला. तुम्ही म्हणालात बघतो. गॉर्डनला एकदा सांगितलं, तो दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आला. आणि त्याला सांगितलेलं कळतं हो! तुम्हाला सांगायचं म्हणजे आधी मनात भाषांतर करा."

"पण तो आपला माणूस नाही."

"मग काय झालं? मला नगरसेवक निवडायचाय, जावई नाही."

टाको गरम होते. मी खाल्ले.

मी हरलो, आणि थोडक्यात नाही. आईनं मला मत दिलं, असं ती शपथेवर सांगते. पेपरात फोटो गॉर्डनचा आला, त्याचं नाव बरोबर छापलं होतं. मला वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल. उलट मीटिंगच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी मी शर्टाला इस्त्री करून तयार झालो, आणि नोएलियानं दारात अडवून विचारलं, "कुठे निघालास?" मी म्हटलं, कुठे नाही. शर्ट तसाच अंगात ठेवून मी अंगणात जाऊन बसलो. मला कुणी काही विचारत नाही याचं इतकं वाईट वाटेल, असं वाटलं नव्हतं. ती आली, शेजारी बसली. बराच वेळ थट्टा केली नाही, तेव्हा मला कळलं की माझा चेहरा फारच पडला असावा.

त्या वसंतात दालियाला मुलगी झाली. बाप्तिस्म्याची तारीख ठरली. दालिया कुणाला न विचारता बाळाला घेऊन ला पेर्लामध्ये गेली, गल्ल्यापाशी उभी राहिली आणि आपल्या धर्मपित्याला म्हणाली, "पाद्रिनो, तुमचं आणि बाबांचं भांडण तुमच्यापाशी. माझ्या मुलीच्या वेळी तुम्ही पहिल्या बाकावर नसलात तर मी तिचं नावच ठेवणार नाही."

तो आला. कडक कोट, नवे बूट. चर्चमध्ये माझ्या शेजारी बसला, पण समोर बघत. पाद्री बाळाच्या डोक्यावर पाणी घालत असताना तो कुजबुजला, "याकिमाहून माणूस बोलावला होता मी. हॉटेलातल्या बाकांना गाद्या शिवायला."

"कशा झाल्या?"

"माणूस बसला की पादल्यासारखा आवाज येतो. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघतात. परवा फादरच बसले होते."

मला हसू आवरेना. नोएलियानं मला कोपरानं ढोसलं.

"हवा जायला भोकं ठेवली नसतील त्यानं," मी कुजबुजलो.

"मग ये सोमवारी. हॉटेल बंद असतं."

सोमवारी सकाळी मी हत्यारं घेऊन गेलो. त्यानं एकेक गादी उचलून दिली, मी शिवण उसवून आतला फोम बाहेर काढला. दोघंही कामाचंच बोलत होतो. मध्येच तो म्हणाला, "त्या ठरावाच्या वेळी तू चुकलास."

"असेन."

"असेन नाही. चुकलास. माझं गिऱ्हाईक तुटलं, पोरगा हॉटेल सोडून गोदामात कामाला लागला." त्यानं पुढची गादी उचलून दिली. "आता शुक्रवार-शनिवार मीही अकरापर्यंत उघडं ठेवतो. शेडच्या बायका येतात. फार मोठ्यानं बोलतात."

"माझी आई पण तशीच बोलायची."

"अजून बोलते," तो म्हणाला आणि आत गेला. थोड्या वेळानं अंडी आणि मिरचीचा ठेचा घालून दोन ताटल्या घेऊन आला. बाकांवर गाद्या नव्हत्या, म्हणून आम्ही लाकडावरच बसलो. अंड्यांत मीठ जास्त होतं. त्यानं पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि माझ्याही ताटलीवर लिंबू पिळलं.